दीड हजारांची सेवा : ‘लाडकी बहीण’चे पुण्यातून केलेले परीक्षण

महाराष्ट्रात २०२५ मध्ये दोन कोटींहून अधिक स्त्रिया दरमहा वापरत होत्या अशी एक सेवा आहे, आणि तिचे सेवा म्हणून परीक्षण केलेले मात्र माझ्या वाचनात आलेले नाही. पात्र स्त्रीच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये जमा करणाऱ्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजने’चा विषय पुण्यात कोठेही निघाला, की कोणत्या पक्षाला त्यामुळे किती जागा मिळाल्या याकडे बोलणे वळते, आणि जिच्या खात्यात पैसे आले किंवा यायचे थांबले, तिला नेमकी कशी वागणूक मिळाली हे विचारायचे राहून जाते. बँकेचे किंवा गॅस एजन्सीचे परीक्षण करताना आपण नोंदणी, कागदपत्रे, वक्तशीरपणा, तक्रारीची सोय आणि किंमत पाहतो. येथेही त्याच गोष्टी पाहायच्या आहेत. माझा या विषयाशी संबंध इतकाच, की आयुष्य हिशेबाच्या कामात गेल्यामुळे मला फॉर्मची भीती वाटत नाही, आणि पर्वती पायथा, जनता वसाहत व दत्तवाडी या भागांतून आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या बायकांचे अर्ज, पासबुके आणि मोबाइलवरील न उलगडणारे संदेश जुलै २०२४ पासून माझ्याकडे येत राहिले.

परीक्षणाला माप लागते. मी ते कॅनडाच्या संसदेतील एका विधेयकातून घेतले आहे. सिनेटर किम पेट यांनी डिसेंबर २०२१ मध्ये एस-२३३ हे विधेयक सिनेटमध्ये मांडले आणि त्याच आशयाचे सी-२२३ हे विधेयक खासदार लीआ गझान यांनी कनिष्ठ सभागृहात मांडले. देशातील १७ वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला जगण्यापुरत्या मूलभूत उत्पन्नाची हमी देण्यासाठी अर्थमंत्र्यांनी एक राष्ट्रीय आराखडा तयार करावा, एवढीच या विधेयकांची मागणी आहे. त्यांत रकमेचा आकडा नाही, पैशाची तरतूद नाही, आणि अर्थमंत्र्यांनी आराखडा वर्षभरात संसदेपुढे ठेवावा यापलीकडे सरकारवर फारसे बंधनही नाही. तरीही २५ सप्टेंबर २०२४ रोजी कनिष्ठ सभागृहाने सी-२२३ हे ५४ विरुद्ध २७३ मतांनी फेटाळले. सिनेटमधील विधेयक संसदेचे अधिवेशन संस्थगित झाल्यामुळे जानेवारी २०२५ मध्ये बाद झाले, आणि नव्या संसदेत पेट यांनी ते एस-२०६ या क्रमांकाने पुन्हा मांडले.

ज्या विधेयकातून अद्याप एकाही माणसाला एक डॉलर मिळालेला नाही, ते आपल्याकडे चालू असलेल्या योजनेला माप म्हणून लावणे वरवर पाहता अन्यायाचे वाटेल. त्या विधेयकात मात्र चार कलमे अशी आहेत की पैसे वाटणाऱ्या कोणत्याही सरकारला त्यांची उत्तरे द्यावी लागतील. जगण्यापुरती रक्कम प्रत्येक प्रदेशासाठी वेगळी ठरवावी. ती मिळवण्यासाठी काम, शिक्षण किंवा प्रशिक्षण यांची अट असू नये. आजारपण किंवा अपंगत्व यांमुळे ज्यांना वेगळी मदत मिळते, ती या रकमेमुळे कमी होऊ नये. आणि या सर्वांचा अहवाल संसदेपुढे यावा. महाराष्ट्राने २८ जून २०२४ रोजी अर्थसंकल्पात योजनेची घोषणा केली, त्याच दिवशी शासन निर्णय काढला, १ जुलैपासून अर्ज घेतले आणि १४ ऑगस्टपासून पैसे जमा करण्यास सुरुवात केली. योजनेचा औपचारिक शुभारंभ १७ ऑगस्टला आपल्याच बालेवाडीच्या क्रीडा संकुलात झाला. इतक्या वेगाने दुसरी कोणतीही सरकारी सेवा सुरू झालेली मी पाहिलेली नाही, आणि या वेगाचे श्रेय कोणत्याही परीक्षकाने मोकळ्या मनाने द्यावे. चार कलमांची उत्तरे या वेगात लिहायची राहून गेली, हे त्याच वेगाचे दुसरे फळ आहे.

नोंदणीविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण तो गोंधळ सर्वांनी पाहिला आहे. पहिल्या आठवड्यांत अधिवासाच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी रांगा लागल्या, तेव्हा सरकारने अटी झपाट्याने सैल केल्या. वयाची मर्यादा ६० वरून ६५ वर्षे झाली, पाच एकर जमिनीची अट गेली, अधिवासाच्या दाखल्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालू लागला, आणि पिवळ्या व केशरी कार्डधारकांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. ‘नारीशक्ती दूत’ हे अॅप आधी आले, संकेतस्थळ नंतर आले. पुण्यात अंगणवाडी सेविकांच्या बरोबरीने माजी नगरसेवकांच्या, आणि त्याहून अधिक उत्साहाने भावी नगरसेवकांच्या, संपर्क कार्यालयांतही अर्ज भरले गेले. महापालिकेत त्या वेळी दोन वर्षांहून अधिक काळ प्रशासक असल्यामुळे भावी मंडळींची संख्या भरपूर होती. सरकारी अर्जासोबत इच्छुक उमेदवाराचे छायाचित्र असलेले पाकीट मिळणे ही सेवा पुण्याखेरीज अन्यत्रही उपलब्ध असावी.

पैसे पोहोचवण्याची व्यवस्था हा या सेवेचा सर्वांत मजबूत भाग आहे आणि सर्वांत कमी समजलेलाही. रक्कम थेट स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात येते. नवऱ्याबरोबरचे संयुक्त खाते चालत नाही. मध्ये तलाठी नाही, दलाल नाही, सही-शिक्का नाही. पैशाचे काय केले हे कोणी विचारत नाही, आणि त्यासाठी कोणते काम करावे लागत नाही. कॅनडाच्या विधेयकातील कामाच्या अटीविषयीचे कलम महाराष्ट्राने कायद्याशिवायच पूर्ण पाळले आहे, आणि रोजगार हमीच्या राज्यात हा बदल लहान नाही. अडचण अशी, की अर्जात जो खाते क्रमांक लिहिला जातो त्याच खात्यात पैसे येतील असे नाही. आधारवर आधारलेल्या हस्तांतरणात रक्कम त्या खात्यात जाते, जे बँकांमधील देवघेव चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक निगमाच्या (एनपीसीआयच्या) नोंदीत त्या आधार क्रमांकाशी सर्वांत अलीकडे जोडलेले असते. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या काकूंनी आपल्या नेहमीच्या सहकारी बँकेचे पासबुक जोडले होते. त्यांचे पहिले हप्ते मात्र पूर्वी एका कॅन्टीनच्या ठेकेदाराने पगारासाठी उघडलेल्या आणि त्या स्वतःही विसरलेल्या दुसऱ्या एका बँकेतील खात्यात जाऊन पडले. त्या बँकेने किमान शिल्लक न ठेवल्याबद्दलचा जुना दंड त्यातून आधी वसूल केला आणि उरलेले पैसे काकूंना दिले. दंडाच्या अशा वसुलीच्या तक्रारी त्या काळात राज्यभरातून आल्या होत्या आणि हप्त्यातून कपात करू नये असे सरकारलाही बँकांना सांगावे लागले होते. शाखेतील तरुण कर्मचारी अत्यंत सौजन्याने वागला. त्याच्याकडे दंड परत करण्याचा अधिकार तेवढा नव्हता.

वक्तशीरपणात मात्र ही सेवा कमी पडते. जुलै आणि ऑगस्टचे हप्ते स्वातंत्र्यदिनाच्या आणि रक्षाबंधनाच्या सुमारास एकत्र आले, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागण्यापूर्वी एकत्र आले, आणि फेब्रुवारी व मार्च २०२५ चे जागतिक महिला दिनाच्या आसपास एकत्र आले. घरभाडे, दूधवाला, भिशीचा हप्ता आणि शाळेच्या व्हॅनचे पैसे यांना ठरलेल्या तारखा असतात; या रकमेला ती नाही. किराणा दुकानदार उधारी देताना ‘लाडकी कधी येणार’ असे विचारतो आणि त्याला उत्तर देता येत नाही. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जाचा हप्ता यांच्याबाबतीत असा प्रकार आपण एक महिनाही चालवून घेतला नसता. उत्पन्नाची हमी म्हणजे केवळ रक्कम नव्हे, तारीखही हमीचाच भाग असतो, आणि हे गणित ज्यांच्या हाती शिल्लक नसते त्यांनाच सर्वांत आधी कळते.

आता रकमेकडे येऊ, कारण येथे पुण्याला स्वतःचे काही सांगण्यासारखे आहे. जून २०२५ मधील दरवाढीनंतर पुण्याची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलचा मासिक पास ९०० वरून १,५०० रुपयांवर गेला. म्हणजे अप्पर इंदिरानगरहून कोथरूडला धुणीभांडी करायला जाणाऱ्या बाईचा अख्खा हप्ता बसच्या पासात संपतो. गावात त्याच रकमेतून महिन्याचा किराणा बऱ्यापैकी येत असेल. शहर आणि खेडे यांना एकच आकडा लावणे हे योजनेचे वैगुण्य आहे, असे पुण्यात बसून म्हणण्याचा आपल्याला विशेष अधिकार आहे. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात १९६०-६१ च्या किमतींनुसार दरडोई वार्षिक किमान खर्च ग्रामीण भागात १८० रुपये आणि शहरी भागात २७० रुपये धरला होता. शहराचा आकडा गावाच्या दीडपट होता, आणि ते प्रमाण ठरवणारे अर्थशास्त्रज्ञ गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या परंपरेतले, म्हणजे आपल्या डेक्कनवरचेच होते. अर्धशतकापूर्वी ज्या शहरातून हा हिशेब देशाला मिळाला, त्याच शहरातील स्त्रीला आज गडचिरोलीतील स्त्रीइतकीच रक्कम मिळते, आणि याविषयी पुण्याच्या विद्वत्तापूर्ण चर्चासत्रांतही फारसे कोणी बोलताना दिसत नाही.

पात्रतेची रेघ याच कारणाने पुण्यात विचित्र ठिकाणी पडते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा अधिक नसावे अशी अट आहे. नवरा एखाद्या सोसायटीत सुरक्षारक्षक म्हणून महिना १५ हजार मिळवत असेल आणि बायको चार घरी कामे करून नऊ हजार आणत असेल, तर वर्षाचे दोन लाख ८८ हजार होतात, आणि असे कुटुंब नियमाने अपात्र ठरते. प्रत्यक्षात ते पात्र ठरते, कारण घरकामाच्या पैशाची पावती नसते आणि केशरी कार्डावरचे उत्पन्न कित्येक वर्षांपूर्वीचे असते. चारचाकीची अटही अशीच आहे. ट्रॅक्टर सोडून कोणतीही चारचाकी कुटुंबाच्या नावावर असेल तर अर्ज बाद होतो. त्यामुळे रिक्षावाल्याची बायको पात्र असते आणि कर्ज काढून ‘छोटा हत्ती’ चालवणाऱ्याची बायको अपात्र असते, मग तिच्या घरी महिनाअखेरीस काहीही उरत नसले तरी. दोन घरांत फरक इतकाच की एकाचे वाहन तीन चाकांचे आहे.

सर्वांत खटकणारी बाब ही की रेघेच्या अलीकडे पूर्ण दीड हजार आणि पलीकडे शून्य अशी रचना आहे. अडीच लाखांवर एक रुपया जास्त मिळाला की वर्षाचे १८ हजार जातात. कॅनडात ज्या पद्धतीची हमी अनेक वर्षे चर्चेत आहे ती अशी कड्यासारखी तुटत नाही. ऑन्टारियो प्रांताने २०१७ मध्ये हॅमिल्टन, लिंडसे आणि थंडर बे या भागांत सुमारे चार हजार लोकांवर जो प्रयोग सुरू केला, त्यात एकट्या व्यक्तीला वर्षाला १६,९८९ डॉलरपर्यंत रक्कम मिळत असे आणि तिच्या स्वतःच्या कमाईच्या निम्मी रक्कम त्यातून वजा होई. दोन हजार डॉलर अधिक कमावले तर मदत एक हजाराने कमी होणार, पण हातात एकूण एक हजार जास्तच राहणार. सुमारे ३४ हजार डॉलरच्या कमाईला मदत हळूहळू शून्यावर येते. २०१८ मध्ये सत्तेवर आलेल्या नव्या प्रांतिक सरकारने तो प्रयोग मुदतीपूर्वीच गुंडाळला, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे ही उतरती रचना लगेच आणता येणार नाही, कारण येथे बहुसंख्य लोकांची कमाई कोणत्याही नोंदीत नाही. मात्र ती आणता येत नसेल तर उत्पन्नाची अट लावण्यात अर्थ किती, हा प्रश्न उरतो. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत केंद्र सरकारचे तत्कालीन मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमणियन यांनी सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नावर एक पूर्ण प्रकरण लिहिले. त्यांनी माणशी वार्षिक ७,६२० रुपयांचा आकडा काढला होता, आणि तीन चतुर्थांश लोकसंख्येला तो द्यायचा झाल्यास देशाच्या सकल उत्पन्नाच्या ४.९ टक्के खर्च येईल असा अंदाज दिला होता. निवड करणे महाग आणि चुकीचे ठरत असेल तर निवडच कमी करावी, हा त्यामागचा विचार मला आजही पटतो.

पुण्याच्या मध्यमवर्गीय बैठकीत या टप्प्यावर हमखास एक तक्रार येते, की दीड हजार मिळू लागल्यापासून कामाला बायका मिळत नाहीत. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतही ती झाली. महिना नऊ-दहा हजारांची कामे दीड हजारांसाठी सोडणारी एकही बाई माझ्या पाहण्यात आली नाही; फार तर जे घर सर्वांत कमी पैसे देते आणि सर्वांत जास्त बोलते, ते एक घर तिने सोडले असेल, आणि तसे असेल तर ती रक्कम कारणी लागली असेच मी म्हणेन. मध्य प्रदेशातील खेड्यांत ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या साह्याने २०११ नंतरच्या काळात प्रौढांना सुरुवातीला दरमहा २०० आणि पुढे ३०० रुपये विनाअट देऊन पाहिले. त्या प्रयोगात लोक काम सोडून बसल्याचे आढळले नाही. उलट अनेकांनी मजुरी कमी करून स्वतःच्या शेतीत आणि जनावरांत अधिक श्रम घातले. कॅनडातील डॉफिन या गावात १९७४ ते १९७९ या काळात अशीच हमी दिली गेली होती, आणि तिच्या नोंदी पुढे तपासणाऱ्या अर्थशास्त्रज्ञ एव्हलिन फर्जे यांना त्या काळात रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ८.५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. माझ्या टेबलावर येणाऱ्या बायका या पैशातून भिशी भरतात, मुलीची क्लासची फी देतात, गॅस सिलिंडर आणतात, आणि एकीने स्वतःच्या गुडघ्याचा एक्स-रे काढून घेतला, जो तिने कित्येक महिने लांबवला होता.

कॅनडाच्या विधेयकातील तिसरे कलम वाचताना मला सर्वांत अधिक वाईट वाटले, कारण नेमके त्याच्या उलट आपल्याकडे लिहिले गेले आहे. दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा १,५०० किंवा त्याहून अधिक रक्कम मिळत असेल तर ती स्त्री ‘लाडकी बहीण’साठी अपात्र असते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून विधवेला मिळतात १,५०० रुपये. म्हणजे निराधार असल्याबद्दल जिला वेगळी मदत मिळायला हवी होती, तिची ती मदत सर्वांना मिळणाऱ्या मदतीशी वजाबाकी होऊन शून्य होते. कमावता नवरा असलेली शेजारीण आणि ती विधवा महिनाअखेरीस एकाच आकड्यावर येतात. नमो शेतकरी महासन्मान निधी घेणाऱ्या स्त्रियांना याच तत्त्वाने फरकाचे ५०० रुपये दिले जातात. २०२५ मध्ये या योजनेसाठी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांच्या तरतुदीतून रक्कम वळवली गेली आणि खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी त्याविरुद्ध जाहीर नाराजी व्यक्त केली, हे वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचले. एका गरजूची मदत दुसऱ्या गरजूच्या ताटातून काढू नये एवढे एक वाक्य कायद्यात असते, तर निदान त्या मंत्र्यांना वर्तमानपत्रात बोलण्याऐवजी त्यावर बोट ठेवता आले असते.

पडताळणी हा या सेवेचा शेवटचा आणि सर्वांत कच्चा टप्पा आहे. पैसे आधी वाटले गेले आणि तपासणी नंतर झाली. २६ लाखांहून अधिक लाभार्थी संशयित ठरून जून २०२५ पासून त्यांचे हप्ते थांबवण्यात आले. त्यांत १४ हजारांहून अधिक पुरुष निघाले आणि काही सरकारी कर्मचारी स्त्रियाही निघाल्या. चुकीचे लाभ थांबवलेच पाहिजेत. पुढे १८ सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने सर्वांना ई-केवायसी सक्तीची झाली, आणि तिची मुदत वाढून ३१ डिसेंबर २०२५ झाली. तीत स्त्रीच्या स्वतःच्या आधारबरोबर पतीचे किंवा वडिलांचे आधार आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला होता. ज्या योजनेने संयुक्त खाते नाकारून स्त्रीला स्वतंत्र व्यक्ती मानले, तिनेच वर्षभराने नवऱ्याच्या मोबाइलवरून तिची ओळख पटवायला सांगितले. विधवा, घटस्फोटित आणि नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांचे काय, हा प्रश्न आरडाओरड झाल्यावर विचारात घेतला गेला, आणि मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सवलत मिळाली. टाकलेल्या बाईकडे यांपैकी कोणताच कागद नसतो. त्याच फॉर्ममध्ये कुटुंबातील कोणी सरकारी नोकरीत नाही अशा नकारार्थी विधानाला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर द्यायचे होते. साहजिकच कित्येकींनी ‘नोकरीत कोणी नाही’ म्हणून ‘नाही’ दाबले आणि स्वतःला सरकारी नोकराच्या घरातली ठरवून घेतले. हिशेबतपासणीच्या परीक्षेतही मी इतका अवघड प्रश्न पाहिलेला नाही.

हप्ता थांबला तर काय मिळते, हे सेवेच्या दर्जाचे खरे माप आहे. उत्तर असे, की काहीच मिळत नाही. का थांबला याचे कारण देणारे पत्र नाही, किती दिवसांत निर्णय होईल याची मुदत नाही, वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करण्याचा नमुना नाही. १८१ हा महिला मदत क्रमांक आहे, तेथे तक्रार नोंदवता येते. पण तक्रार ऐकून घेणारा आणि निर्णय देणारा यांत फरक असतो. योजना ज्या खात्याची आहे त्या महिला व बाल विकास विभागाचे आयुक्तालय पुण्यातच आहे, म्हणून जनता वसाहतीतल्या बाईला ते जवळ आहे असे समजू नये. शासन निर्णय हा सरकारने स्वतःला दिलेला आदेश असतो. तो दुसऱ्या शासन निर्णयाने बदलता येतो, आणि तो बदलला म्हणून एखाद्या स्त्रीला न्यायालयात फारसे काही मागता येत नाही.

याउलट काय करता येते हे महाराष्ट्राने स्वतः करून दाखवले आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी आधी योजना होती, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम दिले नाही तर बेकारी भत्ता देणे सरकारवर बंधनकारक झाले. पैसा कोठून येणार याचे उत्तरही त्याआधीच, १९७५ च्या व्यवसाय कर कायद्याने, देऊन ठेवले होते. पुण्यातील बहुतेक नोकरदारांच्या पगारपत्रकावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची जी कपात दिसते ती मूळची रोजगार हमीसाठीचीच, आणि शहरातील पगारदार खेड्यातील मजुराची मजुरी भरतो हे त्या काळी कोणाला फुकटेपणा वाटले नव्हते. ‘लाडकी बहीण’चा वार्षिक खर्च प्रारंभी ४६ हजार कोटी रुपये धरला होता आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटींची तरतूद होती, एवढ्या रकमेसाठी स्वतंत्र उत्पन्नाचा स्रोत ठरवलेला नाही, आणि म्हणूनच दर अर्थसंकल्पाच्या वेळी योजना राहणार की जाणार याची चर्चा होते. व्यवसाय करासारखा एखादा राखीव कर लावण्याची हिंमत कोणत्याही पक्षाने अद्याप केलेली नाही, आणि पगारदार वाचकांना हे वाक्य आवडणार नाही याची मला कल्पना आहे.

हे परीक्षण वाचून कोणी विचारेल, की मग ही सेवा घ्यावी की नाही. पात्र असाल तर अवश्य घ्यावी, आणि घेताना संकोच बाळगू नये. बँकेत जाऊन आपले आधार कोणत्या खात्याशी जोडले आहे हे आधी पाहावे, जुनी बंद पडलेली खाती रीतसर मिटवावीत, अर्जाची पोच व ई-केवायसी झाल्याचा संदेश छापून घरात ठेवावा, आणि फॉर्म दुसऱ्याने भरला तरी सरकारी नोकरीविषयीचे उत्तर स्वतः वाचून मगच पाठवावे. अधिवेशनात आपल्या भागातील आमदारांना मात्र एकच मागणी करावी, की या योजनेचा कायदा करा.

तो लिहायला कॅनडापर्यंत जाण्याची गरज नाही. राजस्थानच्या विधानसभेने जुलै २०२३ मध्ये किमान उत्पन्न हमीचा कायदा संमत केला. त्यात शहर आणि गाव दोन्हींसाठी वर्षाला १२५ दिवसांच्या कामाची हमी आहे, आणि वृद्ध, विधवा, अपंग यांच्यासाठी किमान १,००० रुपये निवृत्तिवेतन असून ते दरवर्षी जुलैमध्ये ५ आणि जानेवारीत १० असे एकूण १५ टक्क्यांनी वाढावे असे कलम आहे. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत दीड हजारांचे २,१०० करण्याचे आश्वासन दिले गेले आणि २०२५ संपेपर्यंत तरी रक्कम तेथेच राहिली. राजस्थानचे ते १५ टक्क्यांचे कलम जुलै २०२४ पासून आपल्या दीड हजारांना लावले असते, तर जुलै २०२५ मध्ये १,७२५, जुलै २०२६ मध्ये १,९८४ आणि जुलै २०२७ मध्ये २,२८१ रुपये झाले असते.